तिसऱ्या शेडमधली गिटार

१

रोज सकाळी आठच्या भोंग्यावर मी माझं घड्याळ लावत असे. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे नवा कारखाना उभा राहिला होता, तिथला तो भोंगा. आधी खालून घुमत वर चढायचा, मग एका सुरावर वीसेक सेकंद ठाम उभा राहायचा आणि विझायचा. गावातल्या जुन्या माणसांना तो कर्कश वाटे. मला आवडायचा. माणसं यंत्राकडे निघाली आहेत, वेळ पाळायला शिकताहेत, हा देश आता कुणासाठी थांबणार नाही, असं काहीतरी मला त्यात ऐकू यायचं. मी तेवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. होऊन इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून वर्ष झालं होतं. साल छप्पन, महिना नोव्हेंबर.

गिटार मी वर्गासाठी आणली. नववीला ध्वनी शिकवायचा होता आणि शाळेत प्रयोगाला एक तारसुद्धा नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. त्याच संध्याकाळी मी चांदभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेलो आणि कोपऱ्यात पडलेली ही जुनी गिटार उचलून आणली. पुण्याहून तारा आणल्या, शाळेतल्या पेटीवर सूर जुळवले, आणि ती खोलीत खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा गिटारीची एक तार आपोआप घुमली. मला केवढा आनंद झाला! बाहेरचा सूर तारेच्या सुराशी जुळला की हात न लावता तार बोलते. यालाच अनुनाद म्हणतात. मुलांना दाखवायला याहून चांगलं काय?

एवढंच होतं की ती तार मी पेटीच्या पट्टीशी जुळवली होती, आणि भोंगा पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. रातोरात तार उतरली होती, आणि उतरता उतरता नेमकी भोंग्याच्या सुरावर येऊन थांबली होती. थंडीत लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात. मी ती परत चढवली. सकाळी परत तेच.

चौथ्या दिवशी मी दाढी करत होतो. तार घुमली. मी आरशात बघतच होतो. त्यानंतर भोंगा झाला.

२

मी आधी हिशोब केला. कारखाना अर्ध्या मैलावर. हवेतून आवाज यायला सुमारे अडीच सेकंद लागतात, जमिनीतून तो त्याहून लवकर पोचतो. भोंग्याचा हादरा जमिनीतून, भिंतीतून, खुंटीतून तारेपर्यंत आधी आला आणि कानापर्यंत नंतर. झालं. मी वहीत तसं लिहिलंही.

मग मी घड्याळ घेऊन बसलो. सोमवारी तार दोन सेकंद आधी वाजली. मंगळवारी पंचवीस. गुरुवारी चार मिनिटं. शनिवारी ती सात पन्नासला वाजली, आणि त्यापुढे रोज सात पन्नासलाच. दोन-तीनदा थांबून थांबून, कुणी तार छेडून कान लावून बघावं तशी. मग गप्प. मग दहा मिनिटांनी भोंगा.

रविवारी कारखाना बंद होता. भोंगा नव्हता. तार वाजली.

घरमालकीण गोजाबाई दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, त्यो डबा रोज सकाळच्याला कशापायी वाजवता? ऐतवारी तरी निजू द्या की मानसास्नी."

"मी नाही वाजवत, गोजाबाई."

"मग काय उंदीर वाजिवतो व्हय?"

मला राग आला. न कळणारी गोष्ट समोर आली की लोक दोनच कामं करतात, हात जोडतात किंवा पळतात. मी कॉलेजात तिसरं शिकलो होतो, मोजायचं. भूत नावाची काही वस्तू नसते, पण वाद्य नावाची असते, आणि प्रत्येक वाद्य कुणीतरी कुठेतरी केलेलं असतं. ज्यानं हे केलं त्यानं काय केलं ते समजलं तर कोडं सुटेल. मी गिटार गादीवर आडवी ठेवली आणि पट्टी घेऊन दांडीवरचा एकेक पडदा मोजला.

मापं विचित्र आली. विलायती वाद्यावर पडद्यांची अंतरं गणितानं ठरलेली असतात. इथं चौथा पडदा त्या गणितापेक्षा सव्वा सूत अलीकडे होता. नववा त्याहून थोडा कमी. अकरा पडदे होते. बाराव्याच्या जागी नुसती खाच. वहीत मी लिहिलं : 'बारावा : खाच आहे, पडदा नाही.'

ती वही घेऊन मी चांदभाईंकडे गेलो. साठीचा माणूस, तोंडात विझलेली विडी.

"गोऱ्या सोजिराची असंल," ते म्हणाले. "माळावरचा लष्करी तळ मोडला तवा लिलावात आली. बंद खोक्यात व्हती, कुलूप लावलेलं. तुमचा तो भोंगा बी त्याच लिलावातला. कारखान्यानं भोंगा घेतला, मी खोका. ज्याचं त्याचं नशीब."

"ही विलायती नाही, चांदभाई. पडदे चुकलेत."

"मग चुकले. सोजीर काय कारागीर असतोय?"

"चूक असती तर एखादा पडदा चुकला असता. इथं सगळे एकाच पद्धतीनं चुकलेत. हा बघा गंधार, हा धैवत. आपल्या सतारीवर जिथं येतात तिथं बरोबर. ज्यानं ही केली त्याच्या हातात पट्टी नव्हतीच. त्यानं कानानं पडदे बांधलेत. गोऱ्याच्या वाद्यावर सतारीचे पडदे."

चांदभाईंनी विडी तोंडातून काढली. "आन् षड्ज कुठं धरलाय?"

"भोंग्यावर."

त्यांनी विडी कानावर खोचली. मग म्हणाले, "तळावर पेटी कुठली आनायची? रोज न चुकता एक सूर ऐकू यायचा, त्योच धरला. मास्तर, हे शफीचं काम. मिरजेचा, सतारवाल्यांच्या घरातला. लढाईच्या दिसांत तळावर सुतार म्हनून आला. दारूगोळ्याच्या पेट्या ठोकायचा."

"कुठे असतात ते?"

"पळाला म्हनतात."

"कोण म्हणतं?"

"तळाचं रजिस्टर म्हनतं. चव्वेचाळीसला तिसऱ्या शेडला आग लागली. शेडची राखच झाली, मागं काहीच गावलं न्हाई. त्या दिवशी ह्यो गैरहजर. तवापासनं कुनी बघितला न्हाई. बायको हाय आकुर्डीत, रहिमाबी. गोधड्या शिवती. बारा वर्सं झाली, बाई अजून लोकांची बोलनी खाती."

३

चांदभाईंकडून कळलं तशा रहिमाबी गिटार बघायला स्वतःच आल्या. चाळिशीच्या, उंच, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं नाही. आधी दांडीच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं, मग भोकातून दोन बोटं आत घातली आणि आतल्या जोडावर चाचपडत राहिल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हितं बोट घाला."

मी घातलं. आत सरसाच्या, लाकूड चिकटवायच्या डिंकाच्या, कडेनं ओळीनं खळगे होते.

"अंगठा. मिरजेच्या त्यांच्या घरची खोड ही. सरस लावला की बाकीचे कारागीर पकड लावून सोडून देतेत. हे लोक अंगठ्यानं दाबत बसायचे, सरस धरूपर्यंत. म्हनायचे, लाकडाला मानसाची ऊब लागते." त्यांनी बोटं बाहेर काढली आणि पदराला पुसली नाहीत. "एका सोजिराचं वाद्य मोडलं व्हतं. तो यांच्या मागं लागला, तू सतारवाला, मला दुसरं करून दे. भोंगा व्हायच्या आधी थोडं थोडं करायचे. शेडमध्येच."

"भोंग्याआधी म्हणजे?"

"दहा मिनिटं. भोंगा झाला की फाटक बंद, मग आत घेत नसत. म्हनून सगळेच आधी जाऊन जाग्यावर बसायचे. हे त्या वेळात वाद्याला हात लावायचे."

सात पन्नासची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. चांदभाईंनाही नाही.

"रहिमाबी, तुम्हाला काय वाटतं? ते पळाले?"

त्या हसल्या. मला ते हसू अजून आठवतं, कारण त्यात माझी कीव होती. "मला काय वाटतं ते विचारनारे तुम्ही पहिले. बाकीचे मला सांगायलाच येतेत. कुनी सांगतं हैदराबादेत बघितला, कुनी सांगतं दुसरी केली. मास्तर, मी इद्दतीला बसले न्हाई, विधवेनं घरात बसायचे दिस पाळले न्हाईत. कशी बसू? नवरा जिवंत असताना बसलं तर त्याच्या मरनाची दुवा मागितल्यासारखं. आन् मेला असंल तर बारा वर्सं त्याच्या नावानं एक फातिहा दिला न्हाई. नवस करू का फातिहा देऊ, एवढं मला कुनीतरी सांगा. मला पेन्शन नको. मला त्या कागदावरचा तो एक शब्द खोडून पायजे."

मी म्हणालो, "मी खोडायला लावतो."

तेवीस वर्षांचा माणूस अशी वाक्यं किती सहज बोलतो! पण मी ते मागं घेतलेलं नाही.

४

गिटारीच्या आत मी नीट पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला खिडकी उघडून, विजेरी घेऊन बसलो.

भोकाच्या अगदी खाली, पाठीच्या फळीवर आतून काळ्या रंगातले आकडे होते. अर्धे पुसट, पण वाचता येणारे. आधी ३, मग ९-११-४४. चांदभाईंनी मला सांगितलं होतं की तळावर पेट्यांच्या फळ्यांवर रोज सकाळी भोंग्याआधीच शेडचा आकडा आणि त्या दिवसाची तारीख उठवायचे. ती उठवायची ती सुतारानंच.

आग कधी लागली होती हे मी रहिमाबींना विचारलं होतं. नऊ नोव्हेंबर.

मी उठून उभाच राहिलो. माणूस त्या दिवशी शेडमध्ये होता! त्याच्या हातची फळी, त्याच दिवसाची तारीख. गैरहजर म्हणणारं रजिस्टर खोटं होतं आणि पुरावा माझ्या गादीवर पडला होता. दोन-तीन सेकंद मी खरोखर आनंदात होतो. मग दुसरा विचार आला. शेड त्या दिवशी राख झाली. ही फळी राख झाली नाही. आणि फळीवर तारीख आधी उठली असेल, तर गिटार त्या तारखेनंतर झाली.

कधी? आणि कुणी केली?

दाढीच्या आरशाचा एक तुकडा मी लोखंडी तारेला बांधला आणि तबलीची, म्हणजे वरच्या फळीची, खालची बाजू बघायला आत सरकवला. घड्याळात सात पन्नास झाले.

तार घुमली. थांबली. परत घुमली. मी हात हलू दिला नाही. विजेरीच्या उजेडात आतला जोड दिसत होता, त्याच्या कडेनं सरसाची तपकिरी रेघ, आणि त्यावर रहिमाबींनी दाखवलेले खळगे. पहिले सगळे जुने, कोरडे, धूळ बसलेले. शेवटचा चकाकत होता.

सरस ओला होता.

विजेरीच्या उबेनं मऊ पडला असेल, असं मी स्वतःशी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, हे आठवतं. आणि मी म्हणत असतानाच त्या चकाकणाऱ्या खळग्याच्या शेजारी, रिकाम्या सरसावर, हळूहळू दुसरा उमटला. आधी मध्ये दबला. मग कडा वर आल्या. मग त्यात बारीक गोल रेघा दिसू लागल्या, आपल्या बोटावर असतात तशा. तो बराच वेळ तसाच दबून राहिला. कुणीतरी सरस धरायची वाट बघत होतं.

उबेनं सरस वितळतो. उबेनं सरसावर बोटाच्या रेघा उठत नाहीत.

भोंगा झाला तेव्हा मी आरसा बाहेर ओढला. गादीवर, जिथं गिटार होती तिथं, लाकडाचा ताजा कीस पडला होता. चिमूटभर. मी दांडी बघितली. पडदे मोजले. वहीतलं वाक्य वाचलं. परत मोजले.

बारावा पडदा बसवलेला होता.

५

त्या दिवशी मी शाळेत शिकवलं, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, आणि घरी येऊन ओसरीवरच बसून राहिलो. खोलीत जावंसं वाटत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायला जास्त वाटेल.

गोजाबाई भाकरी घेऊन आली. "मास्तर, तोंड उतरलंय तुमचं. माझं ऐका. त्यो डबा पवनामाईला देऊन टाका. पान्यानं समदं जातं."

"आणि त्या बाईचं काय?"

"कंच्या बाईचं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी त्यो अजून कामावर येतोय, आन् कागुद म्हनतोय आलाच न्हाई."

दोन आठवडे मी मोजत होतो, आणि हे वाक्य तिनं भाकरी मोडता मोडता केलं.

"मग न्हाई द्यायचा नदीला," ती पदराला हात पुसत म्हणाली. "मानसाची हजेरी हाय ती. पर माझ्या घरात बी नगं लई दिस. काय ते लवकर उरका."

भीती गेली नाही. पण तिच्या जोडीला राग आला, आणि माझ्याकडे राग नेहमीच भरपूर असतो. सकाळी मी आकुर्डीला जाऊन रहिमाबींना सगळं सांगितलं, फळीवरची तारीख, ओला सरस, बारावा पडदा. हेही सांगितलं की कचेरीतले लोक त्याच तारखेचा उलटा अर्थ लावतील, माणूस फळी घेऊन पळाला आणि नंतर आरामात वाद्य करत बसला.

त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. "पळालेला मानूस तळाच्या भोंग्यावर षड्ज धरील का, मास्तर? तो आवाज त्याला जन्मात नको वाटंल." मग उठल्या, चपला शोधू लागल्या. "चला."

"आज?"

"बारा वर्सांनी तुम्ही मला आज का म्हनून विचारता?"

मला कुणी अधीरपणात हरवलं अशी ती पहिली वेळ.

६

तळाची आता एकच इमारत उरली होती, पत्र्याच्या छपराची, माळाच्या टोकाला. आत दोन कपाटं, एक टेबल आणि उद्धवराव नावाचे कारकून. बाहेरच्या ओसरीतून खोलीत यायला लाकडाचं अर्धं झुलतं दार होतं, खाली नि वर मोकळं. सकाळचे अकरा वाजले होते. माळावर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मी गिटार टेबलावर ठेवली.

"वा," उद्धवराव म्हणाले. "साक्षीला गिटार? उद्या तबलजी घेऊन याल." पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, विजेरीनं फळीवरची तारीख स्वतः वाचली, आणि मला ज्याची भीती होती तेच म्हणाले. "मास्तर, अहो, तुम्हीच सिद्ध केलंत की. शेड जळाली, फळी जळाली नाही. म्हणजे फळी बाहेर गेली. कुणाबरोबर?"

"रजिस्टर दाखवा."

"असं कुणालाही दाखवत नाहीत."

"या कुणीही नाहीत. या त्यांच्या पत्नी आहेत."

त्यांनी रहिमाबींकडे पाहिलं, उसासा टाकला, आणि कपाटातून चव्वेचाळीसचा हजेरीपट काढला. धुळीनं त्यांना शिंक आली. नऊ नोव्हेंबरचं पान उघडलं. तिसरी शेड. शफी, सुतार. गैरहजर.

"आग किती वाजता लागली?" मी विचारलं.

"अहवाल आहे ना इथे. सात पंचावन्न."

"हजेरी किती वाजता पुकारायचे?"

"आठला. भोंगा झाला की."

हे बोलून ते थांबले. मी त्यांना घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कदाचित. रहिमाबींनी मला सांगितलेलं मी त्यांनाही सांगितलं होतंच, की माणसं दहा मिनिटं आधी येऊन जागेवर बसायची.

"तिसऱ्या शेडचे एकूण किती गैरहजर आहेत, बघा."

त्यांनी बोट ठेवून मोजले. एकाच शाईनं, एकाच हातानं, एकाखाली एक लिहिलेले. "अकरा. बाकीचे सगळे लांबच्या गावचे."

"एका शेडचे अकरा जण, एकाच सकाळी, एकदम पळून गेले? उद्धवराव, ते सात पन्नासला आले. पंचावन्नला जळाले. आठला तुमच्या माणसानं नावं पुकारली, ओ कुणी दिली नाही, म्हणून लिहिलं गैरहजर. एवढंच झालं."

त्यांनी चष्मा काढला. "मी तेव्हा इथे नव्हतो हो."

"आता आहात."

"माझ्या हातात काही नाही. नियम आहे. गैरहजेरीचा शेरा बदलायचा तर माणसानं समक्ष येऊन हजर व्हावं लागतं. मेलेला माणूस कसा..."

"मग पुकारा."

"काय?"

"हजेरी. त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा पुकारली होती. आज परत पुकारा. समक्ष हजर होण्याची संधी तरी द्या, नियमच आहे तर."

ते हसले, रहिमाबींकडे बघून हसू आवरलं, आणि मग बहुतेक आम्ही एकदाचं जावं म्हणून, पान सरळ करून जुन्या सवयीच्या सुरात वाचलं, "तिसरी शेड. शफी. सुतार."

टेबलावरच्या गिटारीची तार वाजली. एकदाच, आखूड, कुणी बोटानं छेडून लगेच हात ठेवावा तशी. कुठे भोंगा नव्हता. आमचे तिघांचेही हात टेबलापासून लांब होते.

मग ओसरीत पावलं वाजली. अनवाणी पावलं. दाराशी येऊन थांबली.

माझी पाठ दाराकडे होती. उद्धवराव माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. न वळण्याची सोय होती. मी वळलो.

झुलत्या दाराच्या वर कुणी दिसलं नाही, मोकळं ऊन होतं. दाराच्या खाली दोन पावलं होती. घोट्यापर्यंत भुशानं माखलेली, भुशाखाली काळी. डाव्या अंगठ्याचं नख फुटलेलं. ती अगदी जवळजवळ, शिस्तीत उभी होती, वरिष्ठांसमोर माणूस उभा राहतो तशी.

रहिमाबी उठल्या नाहीत. खुर्चीच्या कडा धरून त्या त्या नखाकडे बघत राहिल्या. "हातोडा पडला व्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दसऱ्याच्या सुमाराला." मग पदर पुढं ओढून घेतला. "लिहा, साहेब. उभं नका ठेवू त्यांना."

उद्धवरावांचा टाक दोनदा दौतीच्या कडेला आपटला. मग त्यांनी 'गैर' ही दोन अक्षरं खोडली. शेजारी सही केली, तारीख घातली. मी शाई वाळेपर्यंत बघत राहिलो.

दाराखाली आता ती पावलं नव्हती. ऊन होतं, आणि उंबऱ्यावर थोडा भुसा. रहिमाबींनी तोंड दोन्ही हातांत झाकलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. मला शब्द कळले नाहीत, पण कशाची प्रार्थना होती ते कळलं.

"झालं," उद्धवराव पुटपुटले. त्यांनी हजेरीपट मिटायला हात लावला. "झालं आता. जा तुम्ही. कृपा करून जा."

मी ओसरीकडे बघत होतो. उंबऱ्याच्या पलीकडे, दाराखालून जितकं दिसत होतं तितक्यात, भिंतीच्या कडेनं पावलांची रांग लागली होती. एकामागे एक. कुणाच्या पायात जळून आखडलेली वहाण होती, कुणाच्या काही नव्हतं. पुढची जोडी एक पाऊल सरकली आणि दाराशी येऊन थांबली.

मला भीती वाटत होती. पण बारा वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर मिटलं जाणारं ते पान मला सहन झालं नाही. मी हजेरीपट उद्धवरावांच्या हाताखालून ओढला, उघडला, आणि बोट दुसऱ्या ओळीवर ठेवून त्यांच्यासमोर सरकवला.

"अजून दहा आहेत," मी म्हणालो. "पुढचं नाव वाचा."